पाखराची फांदी कोण निवडतं?

दुपारची भांडी झाली असतील. कुणी शेंगा फोडत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही पाखरांच्या फोटोंचा इतिहास सांगणार आहोत. हसू नका. आमच्या गटात या विषयावरून चार बैठका झाल्यात आणि एकदा चांगलं भांडणही झालंय.

सुरुवात झाली ती मागच्या चैत्रात. आमच्या गटातल्या एका काकूंच्या परसात लिंबोणी आहे. तिच्या खालच्या फांदीला शिंजिराचं घरटं लोंबत होतं. शिंजीर तुम्ही पाहिलाच असेल. चिमणीपेक्षा लहान, वाकडी बारीक चोच. उन्हात नराचं अंग निळं-जांभळं चमकतं, मादी मात्र साधी, पिवळसर. घरटं तीच बांधते आणि अंडी उबवायलाही तीच बसते. कोळ्याची जाळी, सुकी पानं, सालीचे तुकडे असं काय काय गोळा करून जुन्या चंचीसारखी पिशवी करते, बाजूला दार ठेवते, दारावर छोटं छप्परही काढते.

शहरातून एक फोटोवाले पाहुणे आले. हाताएवढी लांब लेन्स होती. घरट्यापुढे पाला फार आहे, फोटो स्वच्छ येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी काकूंच्या नातवाला दोनशे रुपये दिले आणि पोरानं समोरच्या दोन डहाळ्या छाटल्या. फोटो अप्रतिम आला. चोचीत कोळी धरलेला नर, मागे सगळं मऊ हिरवं, एक पान मध्ये नाही. आम्ही सगळ्याजणींनी तो मोबाईलवर डीपीला लावला. तिसऱ्या दिवशी भारद्वाज आला. भारद्वाज दिसला की आपण शुभ म्हणतो. त्यानं उघड्या पडलेल्या घरट्यातली दोन्ही पिल्लं नेली. मादी संध्याकाळपर्यंत चोचीत किडा घेऊन येत होती आणि तशीच परत जात होती. काकूंनी ते चुलीपाशी बसून पाहिलं.

पाहुण्यांना दोष देणं सोपं होतं आणि आम्ही तो भरपूर दिला. पण डहाळी आमच्या पोरानं तोडली होती, फोटो आम्हीच मिरवला होता. म्हणून मग ठरवलं, हे कधीपासून चालू आहे ते बघू. पाखराला त्रास न देता फोटो निघतो का? पहिल्यांदा ज्यांनी काढले त्यांनी कसे काढले? शोधत शोधत आम्ही सव्वाशे वर्षं मागे आणि थेट अमेरिकेला पोचलो. तिथे भेटलेल्या बहुतेक बायकाच होत्या.

अमेरिकेत इंडियाना नावाचं राज्य आहे. मक्याचं राज्य म्हणा. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी १८६३ साली जीन स्ट्रॅटन जन्मली. बारा भावंडांतली सगळ्यांत धाकटी. शेतातल्या पाखरांची तिला इतकी ओढ, की वडिलांनी एकदा आपल्या जमिनीवर राहणारे सगळे पक्षी तिच्या नावे करून टाकले. कागद नाही, सातबारा नाही, पण पोरीनं ते खरं मानलं. रोज घरट्यांची फेरी मारायची, कुठे अंडी, कुठे पिल्लं, सगळा हिशोब डोक्यात. पुढे पोर्टर नावाच्या औषधाच्या दुकानदाराशी लग्न झालं, एक मुलगी झाली आणि ती जिनीव्हा नावाच्या गावी राहायला आली. गावाशेजारी लिंबरलॉस्ट नावाची मोठी दलदल होती, सुमारे १३,००० एकर. पाणी, वेली, साप, डास आणि अगणित पाखरं.

त्या काळी पाखरांची काय दशा होती, ते इथं सांगायला हवं. बायकांच्या टोपीवर पिसं लावायची फॅशन होती. नुसती पिसं नाही, अख्खी पेंढा भरलेली पाखरं टोपीवर बसवत. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीअभ्यासकानं १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून टोप्या मोजल्या. ७०० टोप्या पाहिल्या, त्यांपैकी ५४२ वर पिसं किंवा पाखरं होती आणि त्यांत ४० जाती त्याला ओळखता आल्या. बगळ्याची विणीतली नाजूक पिसं तर सोन्याच्या भावानं जात. आपलाही देश यातून सुटला नव्हता. इथून पिसांच्या आणि पक्ष्यांच्या कातड्यांच्या पेट्या भरून विलायतेला जात. सरकारनं १९०२ मध्ये ती निर्यात बंद केली.

फॅशन बायकांची होती हे खरं. पण ती मोडायलाही बायकाच पुढे आल्या. बोस्टन शहरात हॅरिएट हेमेनवे आणि तिची बहीण लागणारी मिना हॉल या दोघींनी १८९६ मध्ये घरी चहाला बायका बोलवायला सुरुवात केली. आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलावतात तसं समजा. चहा द्यायचा आणि सांगायचं, टोपीवर पाखरू घालणार नाही असं कबूल करा. सुमारे ९०० जणी तयार झाल्या आणि त्यातून पक्षी वाचवणारी संस्था उभी राहिली. बचत गटाची ताकद आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

जीन पोर्टर दूर इंडियानात होती, पण तिची तगमग तीच होती. १९०० साली तिनं मासिकात लिहायला सुरुवात केली तीच टोप्यांवरच्या पाखरांबद्दल लिहून. आणि तिच्या हातात तोवर एक नवी वस्तू आली होती. १८९५ च्या नाताळात नवऱ्यानं आणि मुलीनं तिला कॅमेरा भेट दिला.

तोवर पाखराचं चित्र काढायचं म्हणजे आधी ते मारायचं, अशीच बहुतेकांची रीत. गोळी घालून आणायचं, तार खुपसून फांदीवर बसवायचं आणि समोर बसून रंगवायचं. चित्रातली ती फांदी चित्रकारानं निवडलेली असे, पाखरानं नव्हे. कॅमेऱ्यानं पहिल्यांदा जिवंत पाखराला विचारलं, बाबा, तू कुठे बसणार?

आणि हे विचारणं भागच होतं. आजच्यासारखा बोटानं मोठं करायचा फोन नव्हता तो. लाकडी पेटी, तिच्यात काचेची पट्टी, एक फोटो झाला की पट्टी बदलायची. पट्टी मंद, त्यामुळे लख्ख ऊन हवं. फोकस आधीच एका ठिकाणी बांधून ठेवायचा. पाखरू त्याच ठिकाणी येऊन बसलं तर फोटो, वीतभर इकडे-तिकडे बसलं तर पट्टी वाया. म्हणून फोटो काढणारा आधी दिवसचे दिवस नुसता बघत बसे. पाखरू घरट्यात शिरण्याआधी, पाण्यावर उतरण्याआधी एका ठरावीक काडीवर टेकतं, इकडे तिकडे बघतं, मग पुढे जातं. आपण नाही का, चप्पल काढायला उंबऱ्याशी थांबतो, तसं. ती काडी सापडली की निम्मं काम झालं.

जीन कॅमेरा पानांनी, फांद्यांनी झाकून ठेवी आणि पाखराला त्याची सवय झाली की थोडा जवळ सरकवी. कॅमेऱ्याला लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला फुगा. दवाखान्यात बीपी बघताना डॉक्टर दाबतात ना, तसा. दूर बसून फुगा दाबला की कॅमेऱ्याचं झाकण उघडून मिटे. नवी म्हैस आणल्यावर पहिले आठ दिवस आपण तिच्याभोवती कसं हळू वावरतो? तोच धीर इथे लागे.

घरी आल्यावर काम संपत नसे. फोटो धुवायला अंधारी खोली हवी, ती तिच्याकडे नव्हती. मग न्हाणीघराच्या फटी बुजवून तिथे पट्ट्या धुवायची आणि स्वयंपाकघरात सणासुदीच्या जेवणाची मोठमोठी ताटं घेऊन त्यांत फोटो खळबळायची. फोटोचा कागद बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस तिचे फोटो पाहून चकित झाला आणि तिची प्रयोगशाळा बघायला घरी आला, असं सांगतात. तिनं त्याला न्हाणी आणि मोरी दाखवली.

तिचं सगळ्यांत आवडतं पाखरू कार्डिनल. आपल्या बुलबुलापेक्षा किंचित मोठं, डोक्यावर तसाच तुरा, पण नर चोचीपासून शेपटीपर्यंत लालभडक आणि चोचीभोवती काळा मुखवटा. मादी मातकट, पंखांवर लालीची झाक. आम्हाला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांच्यात मादीही गाते. गाणाऱ्या पाखरांत बहुतेक ठिकाणी नराचंच नाव होतं, इथे तसं नाही. त्या गाण्यासाठी आणि रंगासाठी लोक कार्डिनल पिंजऱ्यात घालून विकत. जीनला एकदा रस्त्यात एक मेलेला कार्डिनल सापडला. कुणीतरी नेम धरायचा सराव म्हणून मारला होता. ती तो घेऊन घरी आली आणि त्याच्यावर गोष्ट लिहायला बसली. तीच वाढून १९०३ मध्ये तिचं पहिलं पुस्तक झालं, ‘द साँग ऑफ द कार्डिनल’. त्यात चित्रं तिनं स्वतः काढलेल्या फोटोंची होती.

आता गंमत बघा. त्या पट्ट्यांना निळा रंग दिसे, लाल जवळपास दिसतच नसे. सगळ्या जंगलात उठून दिसणारं लाल पाखरू फोटोत काळपट यायचं. इतके दिवस डासांत बसून शेवटी हातात काय, तर करडा-काळा पक्षी. तरी तिनं काढले. आम्हाला वाटतं, रंग येत नाही म्हटल्यावर तिची नजर बसण्याच्या तऱ्हेवर गेली असेल. तुरा ताठ आहे की पडलाय, पायांनी काडी कशी धरलीय. हा आमचा अंदाज.

सगळेच इतके धीराचे नव्हते. १९०१ मध्ये फ्रान्सिस होबार्ट हेरिक नावाच्या ओहायोतल्या प्राध्यापकाचं पुस्तक आलं. त्याची रीत अशी: घरटं उंच किंवा गर्द जागी असेल तर घरट्यासकट फांदी कापायची, उजेडात आणून माणसाच्या उंचीवर खुंट्यांना बांधायची आणि शेजारी हिरवा तंबू ठोकून आत बसायचं. पिल्लं काही दिवसांची झाली की आई-बाप त्यांना सोडत नाहीत, कुठेही शोधत येतात, तेव्हा हे करावं, असा त्याचा हिशोब. माणूस मोठा अभ्यासू होता. तंबूत तासन्‌तास बसून त्यानं पाखरं किती वेळा भरवतात, काय भरवतात ते टिपलं, ते आजही कामाचं आहे. पण बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा काकू उठून पाणी प्यायला गेल्या. आईची माया फोटोच्या सोयीसाठी मोजायची, हे त्यांना पटेना. आम्हालाही पटलेलं नाही. लिंबोणीवर झालं ते याहून वेगळं काय होतं?

विलायतेत रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे दोघे शेतकरी घरातले भाऊ होते. त्यांनी फांदी हलवण्याऐवजी स्वतःला लपवलं. १९०० च्या सुमाराला त्यांनी बैलाचं कातडं घेऊन आतून पोकळ बैल तयार केला. माणूस आत, कॅमेरा आत, बैल माळावर उभा. पाखरांना बैलाची काय भीती? आत उकाड्यानं जीव नकोसा होत असणार. पोळ्याला असा बैल सजवला तर कसं दिसेल, यावर आमच्याकडे बराच वेळ हसणं झालं.

आमच्या या बायकाही अगदी धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. नुकती घरट्याबाहेर पडलेली पिल्लं उचलून फांदीवर ओळीनं बसवायची आणि फोटो काढायचा, हे तेव्हा सर्रास चाले. मेन राज्यात एल्सवर्थ गावी कॉर्डेलिया स्टॅनवुड होती, जन्म १८६५. शाळेत शिकवायची. चाळिशीच्या तोंडावर मन आणि शरीर दोन्ही थकलं, नोकरी सोडून आई-वडिलांच्या घरी परत आली. लग्न नाही, उत्पन्न नाही. टोपल्या विणून, सतरंज्या करून गुजराण करायची आणि उरलेला वेळ जंगलात. पन्नाशीच्या आसपास तिनं कॅमेरा हाती घेतला. चिकडी नावाच्या इवल्या पाखरांची सहा पिल्लं एका काडीवर खेटून बसलेली, हा तिचा फोटो फार गाजला. गावात तिला विक्षिप्त म्हणत. मोठमोठे पक्षीतज्ज्ञ मात्र आपल्या ग्रंथांसाठी तिच्या नोंदी मागवून घेत. ती ९३ वर्षं जगली. १९५८ मध्ये गेली, आणि आज तिचं घर आणि भोवतीचं रान पाखरांसाठी राखून ठेवलेलं आहे.

पुढचं भरभर सांगतो. १९१८ मध्ये अमेरिकेत कायदा होऊन रानपाखरं मारायला, विकायला बंदी आली. १९३५ नंतर रंगीत फिल्म मिळू लागली, आणि लाल कार्डिनल एकदाचा लाल दिसला. जीन पोर्टरला ते पाहायला मिळालं नाही, ती १९२४ मध्ये मोटारीच्या अपघातात गेली. तिची दलदलही तिच्या डोळ्यांदेखत चर खणून, पाणी काढून मक्याखाली गेली होती. अलीकडे तिथल्या लोकांनी काही जमीन परत विकत घेऊन तिच्यात पाणी साठू दिलंय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या अर्थातच पक्ष्यांची अंडी आणि घरटी बिघडवणं, त्यांना त्रास देणं धरलेलं आहे. हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. आज पक्ष्यांच्या फोटोंच्या कितीतरी स्पर्धा घरट्यावरचा फोटो घेतच नाहीत.

मग फोटो काढायचाच नाही का? इथेच ते भांडण झालं. तरुण मुली म्हणाल्या, उत्तराखंडात सातताल आहे, आपल्याजवळ कर्नाटकात जोयडा तालुक्यातलं गणेशगुडी आहे, तिथे पाण्याचं उथळ भांडं ठेवून शेजारी फांदी लावतात आणि लोक दुरून फोटो काढायला येतात. पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्यावर आसपासच्या घरांना चार पैसे मिळतात. आपल्या परसात पाखरं आहेत, मग आपण का नाही? काकू म्हणाल्या, लिंबोणीपाशी कुणी आलं तर पाय मोडीन. शेवटी दोन्ही गोष्टी ठरल्या. फांदी लावायची, पण पाण्यापाशी. घरट्याकडे कुणीही फिरकायचं नाही.

या उन्हाळ्यात आम्ही ते केलं. काय शिकलो ते सांगतो. भांडं पसरट मातीचं, पाणी दोन बोटं खोल, रोज घासून बदलायचं. फांदी एकच लावायची. चार लावल्या तर पाखरू पाचव्याच जागी बसतं. फांदीची जाडी पाखराच्या पायात मावेल इतकी: शिंजिराला काडी, बुलबुलाला करंगळीएवढी, कोतवालाला मोकळ्यात उभी वाळकी काठी. साल सोललेली, सुरीनं छाटलेली फांदी फोटोत खोटी दिसते. आम्हाला पावसात पडलेली आंब्याची फांदी सापडली, तिच्यावर दगडफूल चढलेलं होतं, आपण मसाल्यात घालतो तेच. तिच्यावर बुलबुल बसला की वाटतं, हा इथलाच. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, सकाळी नऊच्या आत. फांदीमागे पंधरा-वीस पावलं काही नको, म्हणजे मागचं कुंपण मऊ हिरवं होतं. जवळ झुडूप हवं, शिकरा आला तर पाखराला लपायला. पण इतकंही जवळ नको की मांजर दबा धरून बसेल. हे आम्ही एक सातभाई गमावून शिकलो. आणि मोबाईलवर पाखराचा आवाज वाजवायचा नाही. त्याला वाटतं दुसरा नर घर बळकवायला आलाय, आणि ते बिचारं दाणापाणी सोडून भांडायला धावतं.

फांदी निवडायचं काम काकूंच्या नातवाकडे आहे. बैठकीत पोर खाली मान घालून बसला होता, कुणी त्याला काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन विटा आणल्या आणि फांदी रोवली. ती उजेडाच्या उलट बाजूला होती. दोन दिवसांनी त्यानंच उपटून दुसरीकडे लावली. येणाऱ्यांकडून माणशी शंभर रुपये घेतो, वहीत लिहितो, निम्मे गटाला देतो. मागचे पाहुणेही परत येऊन गेले. खुर्ची कुठे ठेवायची ते त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी लिंबोणीकडे पाठ होईल अशी ठेवून दिली.

शिंजिराच्या मादीनं यंदा पुन्हा लिंबोणीवरच घरटं बांधलंय, पण पलीकडच्या अंगाला, काट्यांत. घरातून ते नीट दिसतसुद्धा नाही. पोरानं त्याचा फोटो काढलेला नाही. त्याचा नवा फोटो आहे तो बुलबुलाचा, अंघोळ करून आंब्याच्या फांदीवर बसलेल्या. अंग भिजून काडी झालेलं, तुरा चिकटलेला, चोच उघडी. देखणा वगैरे मुळीच नाही. काकूंनी डीपीला तोच ठेवलाय.